राखीव खुर्ची कुणाची?



बाईंच्या स्मृतिदिनाच्या व्याख्यानासाठी मी हा विषय कळवला, तेव्हा दुसरा एखादा चालेल का, असं संयोजकांनी आडून आडून विचारून पाहिलं. त्यांची अडचण मला समजते. ट्रान्स व्यक्तींचे हक्क आणि स्त्रियांचे हक्क हा वाद असा आहे की तोंड उघडायच्या आधीच लोक तुम्हाला कुठल्या तरी एका बाकावर नेऊन बसवतात. तरी मी तोच विषय धरून ठेवला. बाई तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्र चालवायच्या, आणि प्रकरण कितीही पेटलेलं असो, "आधी कागद दाखवा, मग भांडा," म्हणायच्या. मी पडले वकील. मला ते फार पटायचं. आजही मी कागदांपासूनच सुरुवात करते.

पहिला कागद जळगाव तालुक्यातला. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत डिसेंबर २०२०च्या अखेरीस अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण स्त्री राखीव जागेसाठी उमेदवारी अर्ज भरला. लिंगाच्या रकान्यात त्यांनी 'स्त्री' लिहिलं होतं. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. कारण काय, तर अर्जदार तृतीयपंथी आहेत आणि या निवडणुकीत तृतीयपंथीयांसाठी जागा राखीव नाही. म्हणजे स्त्रियांच्या जागेवर त्या चालत नाहीत, आणि त्यांची अशी जागाच नाही. अंजली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत आदेश दिला, अर्ज स्वीकारा. आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात २०१४ साली सांगितलं होतं आणि २०१९च्या कायद्यातही ते आलं होतं. निवडणूक झाली, अंजली निवडूनही आल्या.

त्या आदेशातला एक तपशील बातम्यांत फारसा आला नाही. यापुढे आपण स्त्री हेच लिंग कायम ठेवू, संधी पाहून पुरुष होणार नाही, असं निवेदन अंजलींनी केलं आणि न्यायालयाने ते नोंदवून घेतलं. त्यामागची शंका अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. राखीव जागा हा लाभ आहे, आणि लाभ दिसला की सोयीने रूप बदलून येणारे लोक असतात. पण याच महाराष्ट्रात स्त्री राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचा नवरा ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसतो, ठरावाची वही सहीपुरती घरी नेऊन आणतो, आणि गाव त्याला कौतुकाने 'सरपंचपती' म्हणतं. त्याच्याकडून कुठल्या न्यायालयाने जन्मभराची हमी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अंजलींच्या आधी हाच प्रश्न मध्य प्रदेशात उलटा सुटला होता. कटनीच्या महापौरपदावर २००० साली कमला जान निवडून आल्या. पद स्त्रियांसाठी राखीव होतं. मतदारांनी डोळे उघडे ठेवून मत दिलं होतं, त्यात फसवणूक काही नव्हती. पण २००३ साली उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्दच ठरवली. कायद्याच्या लेखी त्या पुरुष होत्या. कटनी आणि भादली यांच्या मध्ये नालसाचा निकाल आहे. त्याने तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून उभं केलं, हे त्याचं मोठेपण. पण स्त्रियांसाठी केलेल्या तरतुदींचं आता काय, हा प्रश्न त्याने जवळजवळ हाताळलाच नाही. तो निस्तरायचं काम छाननीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्यावर येऊन पडलं.

दुसरा कागद स्कॉटलंडचा. गंमत म्हणजे तोही खुर्चीचाच आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ साली कायदा केला, की सार्वजनिक मंडळांवरच्या बिगर-कार्यकारी सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. त्यातल्या 'स्त्री'च्या व्याख्येत ट्रान्स स्त्रियाही घेतल्या. 'फॉर विमेन स्कॉटलंड' ही संघटना न्यायालयात गेली आणि २०२२च्या फेब्रुवारीत ती व्याख्या रद्द झाली. सरकारने मग मार्गदर्शक सूचना बदलून एवढंच म्हटलं, की लिंगबदलाचं अधिकृत प्रमाणपत्र असलेली ट्रान्स स्त्री ही स्त्रीच धरावी. संघटना पुन्हा न्यायालयात गेली. एडिंबरोत दोनदा हरली. शेवटी १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की २०१०च्या समता कायद्यात 'स्त्री' याचा अर्थ जन्माने स्त्री. हा एका गटाचा दुसऱ्यावरचा विजय समजू नका, असंही निकाल वाचताना लॉर्ड हॉज म्हणाले. बाहेर शॅम्पेनच्या बाटल्या उघडल्या जात होत्या.

आपल्याकडे या निकालाच्या बातम्या आल्या त्या 'ट्रान्स स्त्री ही स्त्री नाही' अशा मथळ्याने. निकाल याहून बारीक आहे. गर्भारपण आणि बाळंतपणाच्या संरक्षणाची कलमं 'स्त्री' या शब्दावर उभी आहेत. जन्माने स्त्री असलेल्या पण प्रमाणपत्राने पुरुष झालेल्या ट्रान्स पुरुषाला दिवस गेले, तर कागदोपत्री पुरुष म्हणून त्याचं हे संरक्षण जाईल. शिवाय प्रमाणपत्र गोपनीय असतं. कुणाकडे ते आहे हे निवारागृह चालवणाऱ्या बाईला विचारताच येत नाही. मग एकाच कायद्यात काही ट्रान्स स्त्रिया स्त्रिया आणि काही नाहीत, आणि कोण कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. वकील म्हणून मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. लिंगबदल केलेल्यांना त्याच कायद्यात भेदभावाविरुद्ध वेगळं संरक्षण आहे आणि ते कायम आहे, हेही निकालाने बजावलंय.

पण तोच निकाल पुढे म्हणतो, की दाढी-मिशा आलेल्या ट्रान्स पुरुषाला काही परिस्थितीत स्त्रियांच्या सोयींमधूनही बाजूला ठेवता येईल, कारण तिथल्या स्त्रिया त्याला पाहून बिचकतील. म्हणजे पुरुषांत तो कायद्याने पुरुष नाही, आणि स्त्रियांत दिसायला स्त्री नाही. इकडे आड, तिकडे विहीर. कलमांची संगती लागली, पण माणूस रस्त्यावर राहिला. हा दोष न्यायमूर्तींचा नाही, त्यांना कायदा वाचायचा होता. तो लिहिणाऱ्या संसदेने दोन कायदे दोन वेळी, एकमेकांकडे न बघता केले त्याचा हा परिणाम.

लिंगबदलाला मान्यता देणारा ब्रिटनचा २००४चा कायदा झाला कसा, हेही सांगायला हवं. क्रिस्टीन गुडविन नावाच्या बसचालक राहिलेल्या ट्रान्स स्त्रीने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली होती. तिच्या तक्रारींतली एक निवृत्तीची होती: त्या वेळी स्त्रियांचं निवृत्तीचं वय साठ होतं आणि पुरुषांचं पासष्ट, आणि सरकार तिला पासष्टपर्यंत विम्याचे हप्ते भरायला लावत होतं. २००२ साली ती जिंकली. पेन्शन, लग्न, कागदपत्रं एवढ्याचाच तो मामला होता, कुणाच्या निवाऱ्यात शिरण्याचा नव्हे. २०२५च्या निकालापर्यंत साऱ्या ब्रिटनमध्ये असं प्रमाणपत्र घेतलेल्यांची संख्या साडेआठ हजारांच्या आतच होती. वाद भडकला तो पुढच्या पायरीवर. डॉक्टरांचा दाखला नको, माणसाने सांगितलं की पुरे, असं विधेयक स्कॉटलंडने डिसेंबर २०२२मध्ये मंजूर केलं आणि जानेवारीत लंडनच्या सरकारने ते अडवलं. त्याच महिन्यात, पुरुष असताना दोन स्त्रियांवर बलात्कार केलेल्या आणि खटला चालू असताना स्वतःला स्त्री म्हणवू लागलेल्या एका गुन्हेगाराला आधी स्त्रियांच्या तुरुंगात नेलं गेलं, आणि बोंब झाल्यावर हलवलं. एका प्रकरणावरून साऱ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं चूकच. पण त्या तुरुंगातल्या स्त्रियांचा विचार आधी कुणीच का केला नाही, असं विचारणाऱ्या बाईला द्वेष्टी ठरवणं हेही तितकंच चूक होतं. प्रश्न विचारणं हा द्वेष नव्हे. तसं मानलं तर स्त्री चळवळीचं दुकान १९८० सालीच बंद झालं असतं.

पश्चिमेतलं हे भांडण तसं जुनं आहे. जॅनिस रेमंड या अमेरिकन लेखिकेने १९७९ साली ट्रान्स स्त्रियांविरुद्ध एक जहाल पुस्तक लिहिलं. त्यात सँडी स्टोन या ट्रान्स ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ बाईला लक्ष्य केलं होतं. ती स्त्रियांच्या एका रेकॉर्ड कंपनीत काम करायची. ते पुस्तक मी वाचलंय, आणि स्त्रीवादी म्हणून मला त्याची लाज वाटते. पुराव्याची जागा त्यात संतापाने घेतली आहे.

त्यापेक्षा कॅनडातल्या व्हँकुव्हरचा दावा विचार करायला लावणारा आहे. किंबर्ली निक्सन ही ट्रान्स स्त्री. जोडीदाराची मारहाण सोसलेली, एका स्त्री संघटनेच्या मदतीने सावरलेली. आपणही इतरांना मदत करावी म्हणून १९९५ साली बलात्कारपीडित स्त्रियांच्या केंद्रात स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणाला गेली. पहिल्याच संध्याकाळी तिला बाहेर पाठवलं: मुलगी म्हणून वाढण्याचा अनुभव तुला नाही. बारा वर्षं दावा चालला आणि अखेर केंद्राची बाजू टिकली. आपले सदस्य कोण हे ठरवायचा हक्क अशा संघटनेला आहे, असं न्यायालयाने मानलं. निक्सन वाईट हेतूने आली होती असं केंद्रसुद्धा म्हणत नव्हतं. दोन्हीकडे मार खाल्लेल्या बायका होत्या.

मी केंद्राच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण पुस्तकात नाही, सरकारी दवाखान्यात आहे. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली बाई केसपेपर हातात घेऊन नर्सला हळूच विचारते, "आत डॉक्टरीणबाई आहेत ना?" नर्स मानेने हो म्हणाली की पदर सैल होतो. मग ती बोलते. नाही म्हणाली तर पुष्कळदा उठून घरी जाते आणि दुखणं अंगावर काढते. एडिंबरोच्या बलात्कारपीडित केंद्रात नेमकी हीच गोष्ट घडली. माझ्याशी बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, एवढंच एका पीडितेला हवं होतं. तिला सरळ उत्तर द्यावं असं म्हणणाऱ्या कर्मचारी बाईवर तिथे शिस्तभंगाची कारवाई झाली. २०२४च्या मे महिन्यात कामगार न्यायाधिकरणाने ती बेकायदा ठरवली. ज्या केंद्रात पीडितेलाच प्रश्न विचारायची चोरी, ते केंद्र आपलं काम विसरलं. ट्रान्स स्त्रियांसाठी तसंच केंद्र हवं, शक्य तिथे त्याच छताखाली हवं. पण ऐन कोसळलेल्या घटकेला बाईने कुणासमोर तोंड उघडावं हे तिच्यावर सोडायला हवं.

इथे कुणी मला अडवेल. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न पेटला तेव्हा विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, आणि पुरुषांना प्रवेश आहे त्या देवळात स्त्रीलाही आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. दारं उघडायला लावणाऱ्या चळवळीनेच आता दार लावून घ्यायचा हक्क मागावा? मागावा, कारण दोन्ही मागण्या आपल्याच आहेत. सत्तेची, ज्ञानाची, देवाची दारं उघडी हवीत आणि संडासाला आतून कडी हवी. मुंबईत २०११पासून 'राइट टू पी' मोहिमेच्या बायका याच कडीसाठी पालिकेचे उंबरे झिजवताहेत. आणि सांगते, त्या मोहिमेत मुतारीच्या दारातून ट्रान्स बाईला हाकला असा मुद्दा आला नाही. मुतारीच नव्हती, तर भांडणार कशावरून? ब्रिटनमधला वाद उचलून आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिथे आहे ती सोय कुणी वापरायची यावर भांडण आहे. इथे सोयीचाच पत्ता नाही. लोकलच्या डब्यात टाळी वाजवत येणारी हिजडा बायकांच्या डब्यात वर्षानुवर्षं चढते-उतरते. त्याबद्दल बायकांची कुरकुर असते ती पैशांवरून, पण तिच्या तिथे असण्यावरून कुणी परिषद भरवलेली नाही.

ट्रान्स स्त्रीचं खरं नुकसान कुठे होतं, तर फौजदारी कायद्यात. इथे मला आपल्या चळवळीला चार शब्द सुनवायचे आहेत. बलात्काराच्या कायद्यात बदल सुचवणारा वर्मा समितीचा अहवाल जानेवारी २०१३मध्ये आला. बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच असेल असं नाही, हे त्या समितीने मान्य केलं होतं. मग सरकारने घाईघाईत वटहुकूम काढून आरोपीचंही लिंग पुसून टाकलं. स्त्री संघटना खवळल्या आणि ते बरोबर होतं. उद्या तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी तक्रार झाली असती. आरोपी पुरुष हे आपण वाचवलं. पण एप्रिलच्या कायद्यात पीडित व्यक्तीही फक्त स्त्री राहिली, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेलो. निदान पीडित कुणीही असो, लावता येणारं ३७७ कलम तेव्हा होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तेही गेलं. बदली काही आलं नाही. संसदीय समितीने आधी सुचवूनही नाही. आता संहितेच्या कलम २मध्ये बघा: 'लिंग' या शब्दाच्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्ती आहे, आणि त्याच कलमात पुढे 'स्त्री' म्हणजे कुठल्याही वयाची मादी मनुष्यव्यक्ती. कलम ६३चा बलात्कार फक्त दुसरीवर होऊ शकतो. पहिलीसाठी उरतो २०१९चा कायदा. त्यात लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा. एकाच रात्री, एकाच खोलीत, एकाच माणसाने दोघींवर अत्याचार केला, तर कायदा त्यांचं मोल असं करतो.

मथुरा बलात्कार खटल्यानंतर फोरम उभे करणाऱ्या, रस्त्यावर उतरून कायदा बदलून घेणाऱ्या बायकांच्या आपण वारसदार. पण हा फरक मिटवण्यासाठी आपण किती मोर्चे काढले? तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी काढले. त्यांच्या मागे आपल्यातल्या थोड्या गेल्या, बाकीच्यांनी सह्या पाठवल्या.

खेळाबद्दल लोक फार विचारतात. शर्यती स्त्री-पुरुष अशा वेगळ्या केल्या त्या शरीरामुळे, ओळखीमुळे नव्हे. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराला मिळणारा फायदा औषधांनी पुरता जात नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतलं बंधन मला रास्त वाटतं. मात्र या तपासण्यांचा वरवंटा कुणावर फिरला तेही आठवा. २००६ साली दोहाला रौप्यपदक हिरावलं गेलं ते शांती सौंदराजनचं, आणि २०१४ साली ऐनवेळी संघातून काढलं ते द्युती चंदला. दोघीही ट्रान्स नव्हत्या. गरीब घरच्या, जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या मुली होत्या. आणि शाळेच्या मैदानावर असली कुठलीच तपासणी नको.

सोबतीबद्दलही थोडं बोलते. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ला, शपथविधीच्याच दिवशी, स्त्रियांचं रक्षण करण्याच्या नावाने अध्यक्षांनी आदेश काढला, की सरकार फक्त दोन लिंगं मानेल. याच अध्यक्षांनी पहिल्या कारकिर्दीत नेमलेल्या न्यायमूर्तींच्या बळावर २०२२ साली तिथल्या स्त्रियांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. स्त्रियांच्या रक्षणाचा यांना आलेला हा उमाळा मला आपल्याकडच्या 'लेकीबाळींची अब्रू' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची आठवण करून देतो. ब्रिटनमधल्या स्त्रीवादी बायकांपैकी पुष्कळ जणी डाव्या आहेत, ट्रेड युनियनमध्ये घडलेल्या आहेत. त्यांना या पंक्तीला बसवणं अन्याय आहे. पण पंगत कुणी वाढली हे बघून मग बसावं.

आता पुन्हा खुर्चीकडे. राखीव जागेवर कुठल्या स्त्रीने बसायचं, हा वाद भारताला ट्रान्स चळवळीने शिकवलेला नाही. १९९६ साली महिला आरक्षण विधेयक आलं तेव्हा ओबीसी स्त्रियांचा वाटा वेगळा काढा, अशी मागणी झाली. मागणाऱ्यांत पुरुषी कावा असलेले नेते होते हे खरं, पण मागणीत तथ्य होतं. 'स्त्रियांमध्ये फूट पाडता' असं त्यांना ऐकवण्यात आपल्यातल्या शहरी, सवर्ण मैत्रिणी पुढे होत्या. दोन वर्षांनी शर्मिला रेगे यांनी लिहिलं, की दलित स्त्री वेगळं बोलते आणि ते ऐकताना स्त्रीवादाने स्वतः बदलायला हवं. २०२३च्या कायद्यातही ओबीसी स्त्रियांचा वाटा नाही. हे आठवलं की 'स्त्री' नावाच्या खुर्चीत आणखी कुणी दाटी करतंय म्हणून घाबरणाऱ्यांची भीती मला ओळखीची वाटते. आपण तिला आधी एकदा बळी पडलो आहोत.

आणि मौज अशी, की आपल्याकडचे ट्रान्स कार्यकर्ते बहुतेक ठिकाणी स्त्रियांची खुर्ची मागतच नाहीत. २०२२च्या पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या ट्रान्स स्त्रिया महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. 'आम्हाला बायकांत घाला' अशी मागणी त्यांनी केली नव्हती. रकाना हवा आणि शारीरिक चाचणीचे निकष हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. राज्य सरकारने अडचणींचा पाढा वाचला, उच्च न्यायालयात कानउघाडणी करून घेतली, आणि मग रकाना आला. कर्नाटकाने त्याच्या आदल्या वर्षी, २०२१मध्ये, नोकरभरतीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं होतं. समांतर म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत एक टक्का. त्यामुळे दलित ट्रान्स व्यक्तीला आपली जात बाहेर ठेवून यावं लागत नाही. साऱ्या तृतीयपंथीयांना एका मागास यादीत कोंबलं की अनुसूचित जातीतली ट्रान्स बाई पेचात पडते, हे तमिळनाडूच्या ग्रेस बानू कंठशोष करून सांगत आल्या आहेत. नोकरीत आणि शिक्षणात उत्तर हेच आहे: वेगळा, समांतर वाटा. स्त्रियांच्या तीस टक्क्यांना त्याने धक्का लागत नाही. हा वाटा मागण्यात स्त्री संघटनांनी पुढे व्हावं, आपल्या हिताचंही ते आहे.

ग्रामपंचायतीत मात्र हे गणित चालत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे सदस्य सात ते सतरा. सतराचा एक टक्का कसा काढणार? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' म्हणून नोंदले गेले ४०,८९१ जण. दहा हजार माणसांत चार. खरी संख्या जास्त असेल, नोंदवायला लोक कचरतात, दुप्पट-चौपट धरा. तरी एका गावात स्वतंत्र प्रभाग निघत नाही. मग ट्रान्स स्त्रीला स्त्री राखीव जागेवर उभं राहू द्यावं. निम्म्या जागा स्त्रियांच्या असलेल्या राज्यात पाच-पन्नास अंजली उभ्या राहिल्या म्हणून स्त्रियांची सत्ता जात नाही, आणि शेवटी कौल मतदारांचाच आहे. याच जळगाव जिल्ह्यात विटनेरच्या बायकांनी १९८९ साली, आजच्यासारखं आरक्षण नसताना, सगळंच्या सगळं स्त्रियांचं पॅनेल निवडून आणलं होतं. अशा बायका एका ट्रान्स उमेदवाराला घाबरतील हे मला खरं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, ही वकिली चलाखी झाली. निवारागृहात एक उत्तर, शर्यतीत तेच, ग्रामपंचायतीत दुसरं, बलात्काराच्या कलमात तिसरं. मग स्त्री म्हणजे कोण, ते एकदाचं सांगा! कायद्यात मतदानाला अठरा वर्षं लागतात, ग्रामपंचायत लढवायला एकवीस, विधानसभेला पंचवीस, राज्यसभेला तीस. लग्नाला मुलीचं वय वेगळं आणि मुलाचं वेगळं. खरा सज्ञान कोण, हे एकदाच ठरवा, असं म्हणत कुणी डोकं फोडून घेत नाही. जी व्यवस्था ज्या कामासाठी, तिथे त्या कामापुरती रेघ. रेघ ओढताना कुणाचं काय जातं एवढं मात्र दोन्हीकडच्यांना समोर बसवून विचारायचं. ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा दोन ट्रान्स कायदेतज्ज्ञांनी म्हणणं मांडण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. निकाल कायद्याने कितीही चोख असला, तरी ही गोष्ट मला खटकते. आणि आपल्या कित्येक बैठकांत तुरुंगाबद्दल किंवा खेळाबद्दल शंका काढणाऱ्या बाईला बोलूच देत नाहीत, तेही खटकतं.

कलम ६३मध्ये पीडित व्यक्तीची व्याख्या बदलण्याचा एक मसुदा आम्ही तिघींनी आणि दोन तृतीयपंथी मैत्रिणींनी मिळून केला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. आरोपी पुरुषच ठेवायचा यावर आमचं एकमत झालं. पीडित म्हणून 'स्त्री किंवा तृतीयपंथी व्यक्ती' लिहायचं की 'कोणतीही व्यक्ती', यावर झालं नाही. ३७७ गेल्यावर अत्याचार झालेल्या पुरुषाने जायचं कुठे, असं एकीचं म्हणणं, आणि इतक्या घाईत दार एवढं उघडू नका, असं दुसरीचं. दोन्ही पाठ समोरासमोर छापले आहेत. समासात भरपूर जागा सोडली आहे, पेन्सिली तिथेच ठेवल्या आहेत.